जतन केलं म्हणजे काय केलं?

संगणकाच्या मराठीकरणात 'सेव्ह'साठी बऱ्याच ठिकाणी 'जतन करा' असा शब्द वापरलेला दिसतो. बोलताना तो कुणी वापरत नाही. 'सेव्ह केलंस का?' असंच आपण विचारतो. मला मात्र तो शब्द त्या बटणासाठी नेहमीच जरा जड वाटत आला आहे. जतन आपण बियाण्याचं करतो, आजीच्या शालूचं करतो, जुन्या पत्रांचं करतो. दरवर्षी ऊन दाखवायचं, डांबरगोळ्या बदलायच्या, कसर लागली नाही ना ते पाहायचं. ते काम एकदा करून संपत नाही. बटण दाबणारा माणूस मात्र बटण दाबून मोकळा होतो आणि उरलेलं यंत्र बघून घेईल असं धरून चालतो.

ते उरलेलं काय असतं हे बघणं माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. अंधेरीतल्या एका कंपनीत मी अठरा वर्षं सर्व्हर आणि स्टोरेज सांभाळते आहे. आमच्या धंद्यात 'लिहिलं' या साध्या क्रियापदाला तीन-चार अर्थ आहेत. समोरचा त्यातल्या कुठल्या अर्थानं बोलतोय हे न कळल्यानं माणसांचं नुकसान होतं. असं एक नुकसान मी अगदी जवळून पाहिलं, आणि ते कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर झालेलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनामुळे बरंचसं शहर घरून काम करत होतं. विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन चालू होत्या, त्या दिवशीचे पेपर पुढे ढकलावे लागले. उपनगरांत वीज टप्प्याटप्प्यानं, काही ठिकाणी अगदी उशिरा परत आली.

बाहेरच्या वाचकाला यात एवढं काय, असं वाटेल. २००५ नंतरची काही वर्षं उरलेला महाराष्ट्र भारनियमन सोसत होता तेव्हा मुंबई त्यातून जवळजवळ सुटलेली होती. साताऱ्याला माझ्या मावसभावाच्या घरी इन्व्हर्टर आधी आला, वॉशिंग मशीन नंतर. मुलुंडला आमच्या सोसायटीत अठ्ठावीस घरं आहेत आणि तेव्हा एकाही घरात इन्व्हर्टर नव्हता. वीज जाते हे आम्हाला ठाऊक होतं; ती आपली जाईल याची सवय नव्हती.

आमच्या खालच्या मजल्यावर मराठीचे एक निवृत्त शिक्षक राहतात. सोसायटीत सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात. त्यांचं गाव संगमेश्वराजवळ. तिकडच्या बोलीतले शब्द ते चाळीसेक वर्षं कार्डांवर टिपत आले आहेत. बुटांच्या खोक्यांत अकारविल्ह्यानं लावलेली ती कार्डं काकूंनी घराच्या दोन रंगकामांत आणि एका गळतीत सांभाळलेली आहेत. टाळेबंदीत सरांनी ती टाइप करायला घेतली. गावी त्यांची थोरली बहीण होती, आक्का, ८४ वर्षांची. रोज सकाळी नवाला सर तिला फोन लावत, स्पीकर चालू करत आणि दहा शब्द विचारत. आक्का अर्थ कधीच सांगायची नाही. वाक्य सांगायची. 'आगोट' म्हणजे पावसाळ्यापूर्वीची बेगमी, हे कार्डावर होतंच, आक्का म्हणायची, "आगोट भरताना तुझा बाप आधी मीठ आणायचा, मग बाकीचं." सर ते जसंच्या तसं टाइप करायचे. अर्थ कोशकार देतो, पण शब्द जगत कसा होता ते वाक्य सांगतं, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटतं.

त्या दिवशी दुपारी वीज आल्यावर त्यांचा फोन आला. "अगं, जरा खाली येतेस का? मास्क लावून ये."

फाइल जागेवर होती. नाव बरोबर, आकार बरोबर, तारीख त्याच दिवसाची, वेळ दहाच्या आतबाहेरची. उघडायला गेलं की फाइल खराब आहे असा निरोप येत होता. मी तिच्यातला एकेक बाइट दाखवणारा प्रोग्रॅम लावून पाहिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य, शून्य आणि शून्य. पेनड्राइव्हवर भाच्यानं काढून दिलेली प्रत होती ती १९ सप्टेंबरची.

सर आयुष्यभर वह्या तपासलेला माणूस. दर दोन ओळींनी कंट्रोल-एस दाबायची त्यांची शिस्त होती. त्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला. "मी सेव्ह केलं होतं. त्यानं झालं म्हणून सांगितलं. मग खोटं कोण बोललं?"

त्याचं उत्तर त्यांना आमच्या गेटवरचं उदाहरण देऊन सांगितलं, तेच इथे सांगते.

कुरियरवाला हल्ली वर येत नाही. पाकीट वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवतो आणि निघून जातो. त्या क्षणी तुमच्या मोबाइलवर 'डिलिव्हर्ड' असा निरोप येतो. पाकीट अजून केबिनमध्येच आहे. कुरियरवाल्याच्या दृष्टीनं त्याचं काम झालं, आणि त्यात तो खोटं बोलत नाही. वॉचमन पुढे पाच-सहा पाकिटं जमली की एकदम लिफ्टनं वर जातो, आणि मजल्यांच्या सोयीनं वाटतो, आलेल्या क्रमानं नाही. दर पाकिटाला एक खेप केली तर त्याचा दिवस लिफ्टमध्येच जाईल.

संगणकात अशी केबिन एक नाही, किमान दोन असतात. तुम्ही सेव्ह केलंत की प्रोग्रॅम मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देतो. ती तो रॅममध्ये ठेवते आणि 'झालं' म्हणते. मग तिच्या सवडीनं तो हार्ड डिस्ककडे जातो. हार्ड डिस्कच्या पोटात स्वतःची थोडी रॅम असते, तिला कॅश म्हणतात. डिस्क मजकूर त्या कॅशमध्ये घेते आणि तीही 'झालं' म्हणते. खऱ्या अर्थानं लिहिणं त्यानंतरचं: चुंबकीय तबकडीवर, सुई योग्य जागी नेऊन. वीज गेली की दोन्ही केबिनमधली पाकिटं नाहीशी होतात.

हे असं का ठेवलंय? वेगासाठी. रॅममध्ये नोंद करायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हे अंतर ८० हजार पटींहून जास्त आहे. रॅमचं काम एका सेकंदाचं मानलं तर तबकडीचा एक फेरा जवळजवळ २३ तासांचा होतो. दर अक्षराला तबकडीची वाट पाहायची ठरवली तर संगणक वापरण्याजोगाच राहणार नाही. म्हणून मधल्या सगळ्यांनी आपापल्या टेबलावर कागद घेऊन लगेच पोच द्यायची पद्धत पाडली. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत रॅममधला बदललेला मजकूर तीस सेकंद जुना होईपर्यंत तिथे थांबू शकतो. तीस सेकंद म्हणजे काहीच नाही. वीज नेमकी त्यातच गेली तर मात्र सगळंच.

"ठीक आहे," सर म्हणाले, "मग शेवटच्या दोन ओळी जाव्यात. अख्खी फाइल कशी गेली? आणि गेली तर पूर्ण जावी. हे शून्यांचं काय?"

प्रश्न अगदी नेमका होता. दोन ओळी बदलल्या तरी बहुतेक प्रोग्रॅम अख्खी फाइल नव्यानं लिहितात आणि जुनी टाकून देतात. त्यामुळे दर दोन ओळींनी सेव्ह करणारा माणूस दर दोन ओळींनी अख्ख्या फाइलचं बिऱ्हाड हलवत असतो. बिऱ्हाड वाटेत असताना वीज गेली तर जुनं घर सोडलेलं असतं आणि नव्या घरात सामान पोचलेलं नसतं.

शून्यांचं उत्तर वाण्याच्या दुकानात आहे. जुना दुकानदार व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपायचा आणि सवडीनं खतावणीत चढवायचा. मध्येच दुकानाला आग लागली, माणूस आजारी पडला, तरी रोजकीर्द पाहून खतावणी पुरी करता यायची. आजच्या फाइल सिस्टिम हेच करतात. त्या रोजकीर्दीला जर्नल म्हणतात. 'अमुक बदल करणार आहे' ही नोंद आधी, बदल नंतर. वीज परत आल्यावर जर्नल वाचून अर्धवट कामं पुरी केली जातात किंवा रद्द केली जातात. यामुळेच वीज गेल्यावर अख्खी डिस्क विस्कटण्याचे जुने प्रकार जवळजवळ संपले.

पण फाइल सिस्टिमला दोन वेगळ्या गोष्टी लिहायच्या असतात. एक मजकूर. दुसरी मजकुराविषयीची माहिती: नाव, आकार, तारीख, डिस्कवरची जागा. बहुतेक फाइल सिस्टिम नेहमीच्या मांडणीत फक्त ही दुसरी गोष्ट रोजकीर्दीत टिपतात. मजकूरही टिपायचा तर सगळंच दोनदा लिहावं लागेल. त्यामुळे घडू शकतं ते असं: माहिती पोचली, मजकूर केबिनमध्ये राहिला. फाइलला डिस्कवर जागा मिळाली, पण त्या जागेवर तिचं काही लिहिलं गेलेलं नाही. तिथे पूर्वीच्या कुणाच्या तरी फाइलचे अवशेष असू शकतात. ते तुम्हाला वाचायला मिळू नयेत म्हणून फाइल सिस्टिम शून्यं दाखवते. डब्यावर चिठ्ठी आहे, झाकण घट्ट आहे, आत काहीच भरलेलं नाही. फाइल सिस्टिमच्या हिशेबी सगळं सुरळीत आहे, कारण जतन करायचं तिनं कबूल केलं होतं ते स्वतःच्या वहीचं.

म्हणजे खोटं कुणीच बोललं नव्हतं. प्रत्येकानं आपल्या टेबलापुरतं खरं सांगितलं होतं.

शेवटच्या टेबलाची पोच मागायची सोय आहे. प्रोग्रॅमनं 'एफसिंक' असा हुकूम दिला, की या फाइलचा मजकूर डिस्कपर्यंत ढकलायचा, डिस्कला तिची कॅश रिकामी करायला सांगायचं, आणि ते झाल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही. ही रजिस्टर्ड पोस्टाची पोचपावती. तिला वेळ लागतो, म्हणून पुष्कळ प्रोग्रॅम ती मागत नाहीत. २००९ साली यावरून लिनक्सच्या जगात मोठा वाद झाला. जुनी ईएक्सटी-३ फाइल सिस्टिम साधारण दर पाच सेकंदांनी मजकूर पुढे ढकलायची, त्यामुळे पोच न मागणारे प्रोग्रॅमही बहुधा निभावून जायचे. नव्या ईएक्सटी-४ नं वेगासाठी ते लांबवलं, आणि यंत्र अचानक बंद पडल्यावर लोकांना शून्य लांबीच्या फायली सापडू लागल्या. तिचे प्रमुख कर्ते थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की प्रमाणकानुसार पोच मागणं हे प्रोग्रॅमचं काम आहे. नियमानं ते बरोबर होते. लोकांचं म्हणणं होतं की हजारो प्रोग्रॅम तसं करत नाहीत, त्याचं काय? तेही बरोबर होतं. शेवटी त्सोंनीच जुनी फाइल बदलून नवी ठेवण्याच्या नेहमीच्या प्रसंगांत मजकूर आधी ढकलला जाईल अशी दुरुस्ती केली. एखादा नियम पाळणं फार महाग पडत असेल तर लोक तो पाळत नाहीत, एवढं मला त्या भांडणातून कळलं.

पोच मागूनही सगळं संपत नाही. २०१८ साली 'पोस्टग्रेस' या नावाजलेल्या डेटाबेसच्या लोकांच्या ध्यानात आलं की लिनक्सवर लिहिताना चूक झाली तर एफसिंक ती एकदा सांगतं. पुन्हा विचारलं तर 'झालं' म्हणू शकतं, कारण मधल्या वेळात तो मजकूर 'लिहायचा बाकी' या यादीतून निघून गेलेला असतो. इतकी वर्षं ते चूक आली की पुन्हा विचारत होते. आता चूक आली की डेटाबेस सरळ बंद पडतो आणि स्वतःच्या रोजकीर्दीवरून पुन्हा उभा राहतो. २०१३ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी पंधरा एसएसडींची वीज मुद्दाम तोडून पाहिली. तेरांनी काही ना काही गडबड केली. २०१४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटानं अकरा प्रसिद्ध प्रोग्रॅम तपासले आणि यंत्र अचानक बंद पडल्यास धोक्यात येतील अशा साठ जागा दाखवल्या. यातला एकही प्रोग्रॅम लिहिणारा माणूस आळशी किंवा अडाणी नव्हता.

मुलुंडहून अंधेरीला जाताना जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर आयआयटी लागते. तिथले प्राध्यापक एस. सुदर्शन हे डेटाबेसच्या ज्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक आहेत ते आमच्या धंद्यात बहुतेकांनी चाळलेलं असतं. त्यात 'कधीच न हरवणारी साठवण' अशी एक कल्पना मांडलेली आहे, आणि अशी साठवण तत्त्वतः अशक्य आहे, फक्त तिच्या जवळ जाता येतं, हेही तिथेच सांगितलं आहे. बँकांचे डेटाबेस तेच करतात: व्यवहाराची नोंद लॉगमध्ये पक्की झाल्याशिवाय 'झालं' म्हणत नाहीत. माझ्या सर्व्हरमध्येही कॅश आहे, पण तिच्यामागे बॅटरी किंवा कपॅसिटर आहे. वीज गेली तरी केबिनमधली पाकिटं वर पोचवण्यापुरता श्वास त्यात उरतो. तो श्वास विकत मिळतो, आणि स्वस्त नसतो. ज्याला नुकसान परवडत नाही तो पैसे मोजतो. सरांच्या टेबलाखालच्या संगणकात ती सोय नव्हती, आणि शेजारी ठेवलेल्या यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली होती, जशी उपनगरातल्या निम्म्या घरांतली असते.

त्या दिवशी शहराचंही असंच झालं. बाहेरचं जाळं कोसळलं तर मुंबईला तोडून वेगळं करायचं आणि ट्रॉम्बे, डहाणूसारख्या स्वतःच्या वीजकेंद्रांवर चालू ठेवायचं, अशी योजना कित्येक वर्षं होती. तिच्याच भरवशावर आम्ही इन्व्हर्टर घेत नव्हतो. ऊर्जामंत्र्यांनी त्याच दिवशी सांगितलं की कळवा-पडघा केंद्रात एका सर्किटची दुरुस्ती चालू असल्यानं भार दुसऱ्यावर होता, आणि नेमका त्यात बिघाड झाला. शहर वेगळं काढण्याची योजनाही त्या सकाळी टिकली नाही. प्रत्येक पायरीवर कुणीतरी 'आमच्याकडून झालं' म्हटलेलं असणार.

सरांच्या डिस्कची मी आधी जशीच्या तशी प्रत काढली. नुकसान झालेल्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही, अगदी ती वाचवणारा प्रोग्रॅमसुद्धा नाही. टाकून दिलेल्या जुन्या फायली तिथेच विखुरलेल्या असतात. दोन रात्री त्या प्रतीत शोधत बसले. आजकालच्या फायली आतून आवळून बांधलेल्या असतात, अर्धा तुकडा मिळाला तर गाठ सुटत नाही. २७ सप्टेंबरची एक अख्खी प्रत सापडली. त्यानंतरच्या पंधरा दिवसांचं काही हाती आलं नाही. दीडशे शब्द. शब्द कार्डांवर होते, अर्थही होते. गेली ती वाक्यं.

सर पुन्हा आक्काला फोन करू लागले. ती तक्रार न करता सांगायची, फक्त वाक्य वेगळं असायचं. "मागे तू मांगराबद्दल काय म्हणाली होतीस?" असं विचारलं तर म्हणायची, "आता काय आठवतंय? हे लिही." दिवाळीपर्यंत नव्वद शब्द झाले. मग तिला फोनवर ऐकू येईनासं झालं. जानेवारीत ती गेली. साठ शब्द राहिले.

आता सरांकडे चालू बॅटरीचा यूपीएस आहे. पेनड्राइव्ह काढण्याआधी ते 'इजेक्ट' करतात. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या साधनांवर लिहिणं असं लांबवायचं नाही हीच मूळ मांडणी आहे, तरी ते करतातच, आणि ते बरंच आहे. फाइल रोज नव्या तारखेच्या नावानं ठेवतात, म्हणजे बिऱ्हाड हलवताना जुनं घर मोडावं लागत नाही. एक प्रत पुण्याला मुलीकडे जाते, कारण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तळमजल्यांवरच्या डिस्क सगळं नीट लिहूनही पाण्याखाली गेल्या होत्या. पोचपावती सेकंदांपुरती कामाची, दुसरी प्रत वर्षांसाठी. आणि दर रविवारी ते पुण्याहून एखादी जुनी प्रत मागवून उघडून वाचतात. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे केबिनमधलं पाकीट, हे वाक्य आता ते मलाच ऐकवतात.

त्या साठ शब्दांपुढे वाक्याची जागा त्यांनी मोकळी ठेवली आहे. तुम्हीच लिहा की, तुमचीच बोली आहे, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "माझी वाक्यं मास्तरांची होतात." गेल्या मे महिन्यात ते गावी गेले तेव्हा आक्काच्या सुनेला त्यांनी ती यादी वाचून दाखवली. चुलीपाशी बसून सासूच्या तोंडून ऐकलेली अकरा वाक्यं तिला आठवली. उरली एकोणपन्नास.